लॅपटॉपचा एक्सप्रेसकार्ड स्लॉट अचानक मेला, काय करू?

भुसावळकर: राम राम भो. माझ्या जुन्या लॅपटॉपला बाजूला एक्सप्रेसकार्डचा स्लॉट (जादा कार्ड घालायची खाच) आहे, त्यात यूएसबी ३.० चं कार्ड टाकून बॅकअप घ्यायचो, परवापासून कार्ड घातलं तरी काहीच होत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंच्या यादीत) पण दिसत नाही. विंडोज १० आहे. स्लॉट गेला का कार्ड?

धुळ्याचा भाऊ: आधी बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन पाय, काही मॉडेलात हा स्लॉट तिथूनच बंद-चालू होतो. मग चार्जर काढ, बॅटरी काढ, पॉवर बटन ३० सेकंद दाबून धर.

चाळीसगाव_रिपेरी: एक गोष्ट लक्षात घे, या स्लॉटात आतून दोन वाटा असतात, एक पीसीआय एक्सप्रेसची (बोर्डाची आतली वेगवान लाइन) न् एक यूएसबी २.० ची. तुझं यूएसबी ३.० चं कार्ड पहिल्या वाटेनं चालतं, याच स्लॉटात बसणारं जुनं थ्रीजी डेटाकार्ड (मोबाइल नेटचं) बहुतेक दुसऱ्या. कोणाकडून तसलं मागून आण न् लावून पाय. ते चाललं तर यूएसबीच्या पिना ठीक असतील, मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर पीसीआय एक्सप्रेसची लाइन बघावी लागंल. टॉर्च मारून आत पिना वाकल्यात का ते पण बघ, आपल्याकडं धूळ केवढी. पिन वाकलेली दिसली तर कार्ड जोरानं कोंबू नको, बोर्डच जाईल.

भुसावळकर: बॅटरी काढून केलं, दिसलं भो! पण कार्ड हललं की जातंय.

चाळीसगाव_रिपेरी: मग सॉकेट ढिलं झालं. ३४ मिमी रुंदीचं कार्ड ५४ मिमीच्या स्लॉटात असलं की डुगडुगतंच. बॅकअप आधी उरकून घे.