ब्रेक मारला की ट्रक एका बाजूला ओढतो: तुमच्या गाडीत दोष कुठे निघाला?

पावसाळा तोंडावर आलाय. ओल्या उतारावर भरलेली गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर आपल्याबरोबर समोरून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो, म्हणून हा धागा काढतोय. गाडी कुठल्या बाजूला ओढत होती, काय काय तपासलं आणि दोष नेमका कुठे सापडला, ते लिहा. "ब्रेक सेट करून घेतले" एवढ्यावर सोडू नका.

सुरुवात माझ्यापासून. आमची दहाचाकी एरवी सरळ चालायची, ब्रेक दाबला की डावीकडे जायची. ज्याला त्याला अलाइनमेंटवर (चाकं सरळ रेषेत आहेत की नाही त्यावर) संशय. पण अलाइनमेंट बिघडलं असतं तर ब्रेक न लावताही गाडी ओढली असती आणि टायर एका कडेने खाल्ले असते. तसं काहीच नव्हतं. आधी पुढच्या दोन्ही टायरांची हवा सारखी केली आणि सपाट जागेवर बघितलं, कारण आपल्या रस्त्यांना डावीकडे उतार असतो, त्यानेही फसायला होतं. ओढणं तसंच राहिलं. शेवटी दोष उजव्या चाकात निघाला.

सोलापूर, गॅरेज

दादा, बरोबर पकडलंत. गाडी डावीकडे ओढते म्हणून लोक डावं चाक खोलतात. अहो, डावं चाक बिचारं आपलं काम करतंय, म्हणून तर गाडी तिकडे जाते! आधी बघायचं ते उजवं.

माझ्याकडे अशी गाडी आली की मोकळ्या सपाट रस्त्यावर चारदोन ब्रेक मारून आणतो आणि लगेच पुढच्या दोन्ही ड्रमजवळ (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं) हात नेतो. जवळ नेतो, लावत नाही, कातडी निघेल. जो ड्रम गार, त्याचा ब्रेक लागत नाही. आणि एखादा ब्रेक न मारताही तापत असेल, तर तो सुटतच नाहीये.

मागे एक टँकर आला होता, उजवा ड्रम गार. ड्रम उतरवला तर हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) ऑइल सील गेलेलं, लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारं अस्तर) ग्रीसने काळं चकचकीत. ड्रायव्हर म्हणाला, पेट्रोलने धुऊन लावा. नाही लावलं. लायनर ग्रीस पिऊन बसतं, वरून कोरडं दिसलं तरी तापलं की पुन्हा घाम सोडतं. सील नवं, आणि लायनर दोन्ही बाजूंचे नवे. एकाच बाजूला नवं टाकलं तर गाडी एका बाजूला ओढू शकते.

लासलगाव, कांद्याची वाहतूक

आमच्याकडे एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबाने लागणारे. इंजिन बंद, चाकांना दगड, टाकीत हवा पूर्ण. चेंबरमधून (चाकाजवळचा हवेचा डबा) पुश रॉड (हवा ढकलते तो दांडा) जिथे बाहेर येतो तिथे रॉडवर खडूने रेघ मारायची. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली वाकून रेघ किती पुढे सरकली ते मोजायचं. दोन्ही बाजूंचा फरक लगेच कळतो. 30 नंबरच्या (नंबर म्हणजे चेंबरचा आकार) चेंबरला रॉड 2 इंचांच्या पुढे गेला तर स्लॅक (रॉड आणि ब्रेक जोडणारा, ढिलाई काढायचा अॅडजस्टर) ढिला आहे असं समजा.

आमचा रॉड दोन्हीकडे सारखाच निघाला, तरी गाडी ओढायची. मग नवा मेकॅनिक म्हणाला, चेंबरचे नंबर वाचा. एकीकडे 24, दुसरीकडे 30! आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी मिळेल तो बसवला होता. 30 चा आतला रबरी पडदा मोठा, हवा तेवढीच असली तरी जोर जास्त. दोन्ही सारखे केले, गाडी सरळ.

कराड, ऊस

ब्रेकमध्येच शोधत बसू नका, पाटेही (अॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बघा. आमच्या गाडीच्या डाव्या पाट्यांचा सेंटर बोल्ट (पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा) तुटला होता. पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले, त्यामुळे ब्रेक मारला की अॅक्सल त्या बाजूने मागे सरकायचा. वरून काही दिसत नाही. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप धरा, दोन्ही बाजूंनी. आमच्यात डावीकडे बोटभर कमी भरलं.

संगमनेर, दुधाची पिकअप

आमची छोटी गाडी, ऑइल ब्रेकची. ब्रेक सोडल्यावरही ओढायची. चाक जॅकवर घेतलं, ब्रेक दाबून सोडला, हाताने फिरेना. कॅलिपरचं (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचं) ब्लीडर निपल (ऑइल काढायचा छोटा स्क्रू) थोडं सैल केलं, तसं ऑइल उडालं आणि चाक मोकळं! म्हणजे कॅलिपर ठीक होतं, रबरी होज (ऑइलची नळी) आतून फुगून ऑइल अडवत होता. निपल सोडूनही चाक अडलेलं राहिलं असतं, तर कॅलिपर जाम.

चिपळूण

इकडे पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला ओढते. ड्रमवर गंज चढतो, चारदोन ब्रेकनंतर जातो. त्यानंतरही ओढली तर मात्र चाक खोला.

नाशिक, मुंबई लाइन

कसारा घाट अर्धा उतरल्यावरच आमची गाडी ओढायला लागायची, वर असताना नाही. एका बाजूचा ड्रम लेथवर घासून घासून पातळ झालेला. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फाकतो, मग लायनर त्याला नीट पकडत नाही. गार गाडी गॅरेजात तपासून हा दोष दिसत नाही, मिस्त्रीला "तापल्यावर ओढते" असं सांगावंच लागतं. ड्रमची जोडी बदलेपर्यंत आम्ही भरलेली गाडी घाटात घातली नाही.

सोलापूर, गॅरेज

अजून एक राहिलं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढत असेल तर किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) बघा. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. हललं तर क्लीनरला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर बेअरिंग सैल, तरीही हलतंय तर किंग पिन.