नाशिकसाठी कीबोर्ड: घरी वाजवायचा की स्टेजवर?

विषय: नाशिकला कीबोर्ड भेट द्यायचाय

नमस्कार मंडळी,

दिवाळीत आम्ही नाशिकला जातोय. इंदिरानगरला धाकट्या दिरांना कीबोर्ड घेऊन द्यायचा आहे. घरी गाण्याला साथ करतात, आणि आता सुगम संगीताचे कार्यक्रम, पाडवा पहाट असंही बोलावणं येऊ लागलंय. ६१ कीज पुरेत. बजेट चाळीस हजारांच्या आसपास. यामाहा पीएसआर-ई४७३, कॅसिओचं इंडियन मॉडेल आणि रोलंड एक्सपीएस-३० अशी तीन नावं कानावर आली आहेत. इथूनच नेला तर?

– न्यू जर्सी

उत्तर १

ताई, नमस्कार.

तिकडून आणू नका. ६१ कीजचा कीबोर्ड जवळजवळ मीटरभर लांब असतो. खोक्यासकट लांबी, रुंदी, उंचीची बेरीज विमान कंपन्यांच्या नेहमीच्या १५८ सेंटीमीटरच्या मर्यादेबाहेर जाते आणि जादा पैसे पडतात. अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा निघाला तर आपल्या २३० व्होल्टवर जळतो. वॉरंटीही बहुतेक वेळा ज्या देशात खरेदी, त्याच देशापुरती असते. शिवाय भारतीय टोन आणि ठेके घातलेली मॉडेल्स इकडच्या बाजारासाठीच निघतात.

आता निवडीचं. दुकानदार आधी टोन किती ते सांगेल: आठशे, नऊशे. तिकडे लक्ष देऊ नका, त्यातले वापरात येतात पंधरा-वीस. आधी कीबोर्ड वळवून त्याची मागची बाजू बघा. कार्यक्रमात वाजवणाऱ्याला डावं-उजवं वेगळं लाइन-आउट, म्हणजे आवाज बाहेर मिक्सरला नेण्याची जागा, लागतं. ई४७३ ला ते आहे, माइकची जागाही आहे. कॅसिओत सीटी-एक्स९०००आयएनला आहे आणि स्पीकरही १५-१५ वॉटचे आहेत. त्याच घरातल्या सीटी-एक्स८०००आयएनला फक्त हेडफोनचं भोक. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून फसगत होते.

एक्सपीएस-३० हे स्टेजचंच वाद्य. एका वेळी १२८ स्वर धरतं, आवाजात वजन आहे. पण त्याला स्वतःचे स्पीकरच नाहीत. घरी रियाज करायचा तर हेडफोन नाहीतर मॉनिटर, म्हणजे वेगळा स्पीकर, हवा, म्हणजे बजेट सुटलंच. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही वापरांना मी ई४७३ किंवा ९०००आयएन सुचवेन. पेटी, बासरी, सतार हे आवाज जास्त लागणार असतील तर कॅसिओ. पियानो, स्ट्रिंग्ज जास्त असतील तर यामाहा.

ठेक्यांवर मात्र विसंबू नका. केरवा, दादरा मिळतो, पण भजनी ठेक्याला किंवा ढोलकीला यंत्रातला ठेका पुरत नाही. तबलजी हवाच.

– गंगापूर रोड, नाशिक

उत्तर २

वरचं सगळं मान्य. हेडफोनच्या भोकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कार्यक्रमात नेमकं तिथेच घोटाळा होतो.

हेडफोनमधून स्टिरिओ सिग्नल येतो. साउंडवाला घाईत एकच स्टिरिओ केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटला लावतो. ते इनपुट डाव्यातून उजवं वजा करतं. जे स्वर दोन्हीकडे सारखे आहेत ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो फक्त रिव्हर्बचा, म्हणजे घुमाऱ्याचा, पोकळ धूर. वादक आवाज वाढवत बसतो, समोर काही पोचत नाही. यामाहा पीएसआर-आय५०० मध्ये तबला-तानपुऱ्याची रियाजाची सोय छान आहे, घरासाठी मला तो फार आवडतो. पण त्यालाही वेगळं लाइन-आउट नाही. त्यावर कार्यक्रम करायचाच असेल तर एक स्टिरिओ पिन आणि दोन मोनो पिना असलेली वाय-केबल, पुढे दोन डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकच्या केबलवरून लांब नेण्याजोगा करणाऱ्या छोट्या डब्या), मग मिक्सर. दुसरी अडचण म्हणजे हेडफोनचं भोक भरलं की कीबोर्डचे स्पीकर बंद होतात आणि वादकाला स्वतःचंच ऐकू येत नाही.

नाशिकच्या पिंपळपारासारख्या उघड्या जागी मिक्सर लांब असतो. साध्या जॅक केबलने तेवढं अंतर गाठू नका, ती गुणगुण उचलते. कीबोर्डपासून दोन-तीन मीटरवर डीआय बॉक्स ठेवा, पुढे माइकची केबल. तरी गुणगुण राहिली तर डीआयवरचा ग्राउंड-लिफ्टचा खटका दाबून बघा.

– टोरोंटो

विषय: पुन्हा एक शंका

दोघांचेही आभार. दुकानात नेमकं काय तपासायचं? एक सेकंडहँडही दाखवतायत.

– न्यू जर्सी

उत्तर

ताई, आवाज अर्ध्यावर ठेवून पहिल्या कीपासून शेवटच्या कीपर्यंत एकेक अगदी हलकी दाबायला सांगा. प्रत्येक कीखाली रबरात दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यात किती वेळ गेला त्यावरून यंत्र स्वराचा जोर ठरवतं. तिथे धूळ बसली की हलकी दाबलेली की एकदम कर्कश वाजते किंवा मुकी राहते. सेकंडहँडमध्ये हे सर्रास दिसतं. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की बहुधा सुधारतं. पण रबर झिजलं असेल तर पट्टीच बदलावी लागते, म्हणून किंमत त्या हिशोबाने पाडून मागा.

मग पिच-बेंडचं, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारं, चाक. सोडल्यावर स्वर नेमका मूळ जागी यायला हवा. मींड त्यावरच काढायची असते. चाकाचा पल्ला सुरुवातीला बहुधा दोन सेमीटोन असतो. सा पासून शुद्ध ग पर्यंत जायचं तर चार करावा लागतो.

सस्टेन पेडल (दाबलं की सूर लांबवणारं) लावून, पाय न ठेवता कीबोर्ड सुरू करा. सुरू होताना पेडल दाबलेलं असलं तर पुष्कळ मॉडेल्स ते उलटं ओळखतात आणि पाय उचलला की सूर लांबतो.

शेवटी ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलणं. दीर पांढरी एक धरून वाजवत असतील आणि गाणारीचा सा काळी चार असेल, तर उणे ४ किंवा अधिक ८. हे टोन आणि लयीसकट रजिस्ट्रेशनमध्ये (एका बटणावर परत येणाऱ्या मेमरीत) साठवता येतं का ते करून बघा. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये बटणं शोधायला वेळ नसतो.

अडॅप्टर कंपनीचाच घ्या. यामाहाच्या १२ व्होल्टवाल्याची मधली बाजू अधिक, रोलंडच्या ९ व्होल्टवाल्याची उणे. पिन बसली म्हणून दुसऱ्याचा लावू नका.

– गंगापूर रोड, नाशिक