स्कूटर पेटवणाऱ्याला थेट जन्मठेप?

खाडीकर (घोडबंदर रोड)
शेजारच्या सोसायटीत पार्किंगच्या भांडणावरून एकाने पहाटे स्टिल्टमधली, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमधली स्कूटर पेटवली. नशिबाने कुणी दगावलं नाही. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच घोषा, जन्मठेप द्या. मला नाही पटत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 मध्ये वाहनासारखी मालमत्ता जाळली तर 7 वर्षांपर्यंत कैद आहे. राहतं घर, देऊळ, गोदाम जाळायला गेलात तर जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत. कायद्यानेच दोन्ही वेगळं ठेवलंय, आपण कशाला कालवायचं?

मीटरबॉक्स
स्टिल्टमध्ये स्कूटर एकटी जळते होय? मागे मीटरचं पॅनेल, तिथून वर गेलेल्या वायरी, बाजूला जिना. वायरींचं प्लॅस्टिक पेटलं की काळा धूर जिन्यातून सरळ वर. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला! लोक भाजायच्या आधी गुदमरतात. त्या कलमाला घर जाळायचाच हेतू लागत नाही, घर जळण्याची शक्यता माहीत असली तरी पुरे. पहाटे पेट्रोल ओतणाऱ्याला वर माणसं झोपलीत हे माहीत नव्हतं?

खाडीकर
ते कोर्टात सिद्ध होऊ दे. ग्रुपवर नको.

सेक्टर पंधरा (कोपरखैरणे)
हा माणूस पुन्हा आग लावेल का, हे कुणी विचारतच नाहीये. इंग्लंडमध्ये 1971 च्या कायद्याने जाळपोळीला जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेपच आहे, पण ती देताना न्यायाधीश आरोपी लोकांना पुढेही धोकादायक आहे का ते बघतात. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवतात. किमान मुदत भरली की सोडायचं का ते पॅरोल बोर्ड ठरवतं. आपल्याकडे त्याच संहितेत कलम 13 आहे. मालमत्तेच्या अशा गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल आणि पुन्हा तसंच केलं, तर 7 वर्षांच्या कलमातही जन्मठेपेपर्यंत जाता येतं. त्यामुळे पहिल्याच खेपेला बोंब नको.

कोर्टनाका
इंग्लंडचं कौतुक जरा आवरा. 2005 पासून त्यांनी धोकादायक ठरवलेल्यांना बेमुदत कैद द्यायला सुरुवात केली, 2012 मध्ये रद्द करावी लागली. किमान मुदत संपूनही माणसं वर्षानुवर्षं आत. सुटायचं तर आता धोका नाही हे दाखवा, त्यासाठी तुरुंगातले कोर्स करा, आणि कोर्सला जागा नाही. रद्द झाली तीही नव्या खटल्यांपुरती, आधीचे तसेच अडकले. केलेल्या गुन्ह्याची शिक्षा द्या, उद्याच्या भाकिताची नको.

मीटरबॉक्स
एवढं काय घाबरताय? जन्मठेप म्हणजे 14 वर्षंच ना.

कोर्टनाका
नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, सुप्रीम कोर्टाने 1961 मध्येच गांधीहत्येतल्या गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सांगितलंय. सरकारने माफी दिली तरच आधी सुटका. 14 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सोडायचं नाही हे बंधन फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यांना आहे. घर जाळण्याला फाशी नाही, तेव्हा तुमच्या लाडक्या जन्मठेपेत तेवढीही हमी नाही.

मीटरबॉक्स
म्हणजे अजूनच वाईट!

खाडीकर
निकाल लागायला किती वर्षं जातील देव जाणे. तो जामिनावर सुटला तर त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच जिन्याने वर जाणार. सोसायटीने आधी सरकारी वकिलांना गाठावं, जामीन होणारच असेल तर आवारात पाऊल न टाकण्याची अट मागा म्हणावं. ग्रुपवर हे लिहिलं तर दोन अंगठे आले, बस्स.