टास्क लिस्ट की माइंड मॅप? दोन्ही ठेवून फसलोय

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही तिघं मिळून एक जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नव्याने लिहितोय. आधी सरळ टास्क लिस्ट केली, दीडशेच्या आसपास ओळी. रोज टिक मारायचो, काम सरकतंय असं वाटायचं. पण "रिपोर्ट" ही एक ओळ आणि "बटणाचा रंग बदलणे" ही एक ओळ, दोन्हींपुढे चौकोन सारखाच! रंगाला पाच मिनिटं लागली, रिपोर्टने तीन आठवडे खाल्ले. शिवाय यादीत जे लिहायचंच राहिलं ते यादी बघून कळत नाही. जुन्या ग्राहकांचा डेटा नव्या डेटाबेसमध्ये आणायचाय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मग फ्रीप्लेन या सॉफ्टवेअरमध्ये माइंड मॅप (मधल्या विषयापासून फांद्या फुटत जाणारा आराखडा) काढला. "डेटा" नावाची फांदी काढली, तिच्यापुढे लिहायला काहीच सुचेना, तेव्हा ही गफलत उघडी पडली. इथवर झकास. पण "पासवर्ड रीसेट" टांगायचं कुठे? "लॉगिन"खाली की "ईमेल"खाली? मॅप म्हणजे झाडच, त्यात एका नोडला (फांदीवरच्या मुद्द्याला) एकच पालक. मी एकीकडे टाकलं, सहकाऱ्याने दुसरीकडे, आणि दोघांनीही ते लिहून काढलं. (दोन्ही कोड चालतात, हे वर!) अमुक झाल्याशिवाय तमुक सुरू होत नाही हे दाखवायला बाण काढावेत, तर दहा-बारा बाणांत सगळा गुंता. आणि सकाळी बसल्यावर आज काय हातात घ्यायचं, ते मॅप सांगत नाही.

आता दोन्ही ठेवतोय. यादी रोज बदलते, मॅप पंधरा दिवसांत शिळा. त्याची फाइल एक्सएमएल (खुणांनी भरलेला मजकूर), त्यामुळे दोघांनी हात लावला की गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) दोघांचे बदल मर्ज, म्हणजे एकत्र, करताना रडू येतं.

तर मॅप यादीशी जुळता ठेवायचा, की यादी झाली की सोडून द्यायचा? जिरासारखं कामं नोंदवायचं मोठं सॉफ्टवेअर नको, तिघांत त्याचीच उस्तवार जास्त होईल.

प्रतिसाद १

सोडून द्या. मॅप विचार करायला, यादी काम करायला. फक्त सोडण्याआधी टोकाचे नोड एकेक वाचा. ज्याचं वाक्य क्रियापदाने संपतं आणि जे एक-दोन दिवसांत होण्यासारखं आहे, तेवढंच यादीत जाऊ द्या. "रिपोर्ट" हे काम नाही, विषय आहे. "महिन्याची थकबाकी सीएसव्ही फाइलमध्ये काढणे" हे काम. कशावर अडलंय ते त्याच ओळीत लिहा: "अडलंय: १४", म्हणजे यादीतल्या १४व्या ओळीवर. बाण नकोत. नवा मोठा भाग सुरू कराल तेव्हा फक्त त्याचा मॅप काढा, कागदावर काढलात तरी चालेल.

धागाकर्ता

आत्ताच बसून पाहिलं. ६२ टोकांपैकी १९ यादीत गेली. "अडलंय" लिहिताना कळलं की त्यातली ८ त्या डेटाच्या कामावरच अडलीयत, आणि ते अजून कुणाच्याच नावावर नाही. उद्या आधी तेच वाटून घेतो.