सॅम बर्जेसचं युनियनला जाणं: चूक त्याची की निवडणाऱ्यांची?

तेरा_नंबरी
५ ऑक्टोबर २०१४. एनआरएल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेचा अंतिम सामना. पहिल्याच धडकेत साऊथ सिडनीच्या सॅम बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं, तरी गडी शेवटपर्यंत खेळला. साऊथ सिडनीने कँटरबरीला ३०-६ असं लोळवलं. १९७१ नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद. सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक यालाच. आणि ऐन पंचविशीत, भरात असताना, रग्बी लीग सोडून इंग्लंडात बाथ क्लबकडून रग्बीचा दुसरा प्रकार, रग्बी युनियन, खेळायला गेला. वर्षभरात परत सिडनीला. मुळात जाणंच चूक होतं, असं माझं ठाम मत. लीगच्या फॉरवर्डचं (पुढे आदळणाऱ्या दांडग्या खेळाडूचं) निम्मं कसब युनियनमध्ये वाया जातं.

कारण साधं आहे. लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडल्यावर, बचावफळीला १० मीटर मागे हटावं लागतं. फॉरवर्डला पूर्ण वेगात आदळायला जागा मिळते, बर्जेसचा सगळा खेळ त्यावर. युनियनमध्ये बचावाने जिच्या मागे राहायचं ती ऑफसाइडची रेषा रकच्या (पडलेल्या चेंडूवरच्या रेटारेटीच्या) शेवटच्या पायापाशी. तीन पावलं टाकली की समोर माणूस.

रकवाला
अर्धंच सांगितलंत. युनियनमध्येही जवळून आदळणारे लागतातच, पण सहाव्या किंवा आठव्या नंबरवर, फॉरवर्डांच्या जागांवर. बाथने त्याला आधी सेंटरला, म्हणजे मागच्या फळीत खेळवून पाहिलं, मग ६ नंबरला, ब्लाइंडसाइड फ्लँकरला आणलं. तिथे तो हळूहळू रुळत होता. इंग्लंडचा प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टरने मात्र २०१५ च्या विश्वचषकाला त्याला १२ नंबरवर, इनसाइड सेंटरला निवडलं. क्लबात एक काम, देशासाठी दुसरं. वर्षभरात माणूस दोन जागा शिकणार कशा?

तेरा_नंबरी
मग वेल्सविरुद्ध त्याला १२ ला कशाला उतरवलं? त्यांच्या सेंटरला, जेमी रॉबर्ट्सला अडवायला. म्हणजे टॅकल करायलाच. तेवढं तर त्याला येत होतं ना?

रकवाला
ते काम त्याने वाईट केलंच नाही. इंग्लंड आघाडीवर असताना त्याला बाहेर काढलं आणि सामना २५-२८ ने गेला. पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाने १३-३३ असं हरवल्यावर इंग्लंड गटातच बाद. खापर मात्र याच्या डोक्यावर.

पडल्यावर_काय
टॅकलवर दोघं अडकलात, खरी अडचण टॅकलनंतरची आहे. लीगमध्ये चेंडूवाला पोटावर, कोपरांवर पडायला बघतो. म्हणजे पटकन उठून टाचेने चेंडू मागे सरकवता येतो. चेंडू हिसकावला जाण्याची भीती जवळपास नाही, सहा टॅकल होईपर्यंत तो तुमचाच. युनियनमध्ये असं पडलात तर जॅकल करणारा, म्हणजे पडलेल्याकडून चेंडू हिसकावणारा, वर येऊन बसतो. पडताना अंग वळवायचं, चेंडू हात लांब करून आपल्या बाजूला ठेवायचा, आणि सोबत्यांनी लगेच येऊन त्याला उडवायचं. शिवाय लीगमध्ये दोघं-तिघं मिळून वरून धरतात, उठायला उशीर व्हावा म्हणून. युनियनमध्ये एकाने पायांना धरून पाडायचं, दुसऱ्याने चेंडूवर जायचं. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली सवय एका हंगामात मोडत नाही, मग नंबर ६ असो की १२.

तेरा_नंबरी
हेच तर मी म्हणतोय!

रकवाला
नाही, तुम्ही म्हणताय जायलाच नको होतं. मी म्हणतोय वेळ द्यायला हवा होता. ब्रॅड थॉर्न बघा. ब्रिस्बेनचा लीग फॉरवर्ड, २००१ मध्ये न्यूझीलंडच्या क्रुसेडर्स या युनियन संघाकडे आला, फॉरवर्डमध्येच लॉक (दुसऱ्या ओळीतला) झाला, मध्ये लीगला परतून २००६ चं एनआरएल विजेतेपद घेतलं, आणि २०११ ला ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या युनियन संघाकडून विश्वचषक. लीगचाच सनी बिल विल्यम्सही फ्रान्सच्या तूलाँमध्ये दोन हंगाम काढून मग न्यूझीलंड संघात आला, आणि तोही सेंटरलाच.

तेरा_नंबरी
सनी बिल अपवाद. त्याचा ऑफलोड (टॅकल होता होता दिलेला पास) दोन्हीकडे चालतो. उलट उदाहरण अँडी फॅरेल. तोही लीगचा फॉरवर्ड, त्यालाही सेंटरला ढकलला, २००७ च्या विश्वचषकात छाप पडली नाही. इंग्लंडने तीच चूक दोनदा केली हे कबूल. पण ही खोड माहीत असताना त्याने जायचंच कशाला?

बाकावरचा
परतल्यावरचं कुणीच बोलत नाही. २०१६ पासून एनआरएलने सामन्यातल्या खेळाडूंच्या अदलाबदली १० वरून ८ केल्या. म्हणजे मधल्या फॉरवर्डला विश्रांती कमी, थकलेल्या अंगाने टॅकल जास्त. थकलं की डोकं खाली जातं, खांदा चुकीच्या कोनात लागतो. बर्जेस खांद्याच्या दुखण्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा तिशीचाच होता.

रकवाला
युनियनमुळे खांदा गेला, असं म्हणायचंय का?

बाकावरचा
उलट. परत येऊन त्याने जास्त कष्टाचं काम पत्करलं. ६ नंबरवर टिकला असता तर खांदा आणखी दोन-तीन हंगाम चालला असता, असा माझा अंदाज. पुरावा नाही.

तेरा_नंबरी
फ्लँकर काय कमी टॅकल करतो? हा अंदाज मला पटत नाही.