नाव बदलून .आयएसओ केली, तरी सीडीची .बिन फाइल माउंट होईना

खटपट्या:
मुलांच्या विश्वकोशाची एक सीडी बाबांनी फार पूर्वी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. मूळ सीडी ओरखडे पडून कामातून गेली. उरल्यात दोनच फाइली, कोश.बिन आणि कोश.क्यू. कुठेतरी वाचलं म्हणून .बिनचं नाव बदलून .आयएसओ केलं आणि लिनक्सवर ती सीडीसारखी उघडायला (माउंट करायला) सुडो माउंट -ओ लूप मारलं. उत्तर आलं, 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक'. फाइल गेली का? आणि ती .क्यू एवढीशी आहे, उडवली तर चालेल ना? मला त्यातला हत्तीचा आवाज हवाय, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल.

जुनंखोड:
.क्यू उडवू नका, कुठला ट्रॅक कुठे आहे त्याची यादी तीच आहे! आधी एलएस -एल करून .बिन नेमकी किती बाइटची आहे ते सांगा.

खटपट्या:
४९,३९,२०,०००.

जुनंखोड:
२३५२ ने भागा. बरोबर २,१०,००० येतात, बाकी शून्य. २०४८ ने भाग जातच नाही. म्हणजे फाइल धडधाकट दिसतेय, फक्त ती आयएसओ नाही.

आयएसओ म्हणजे सीडीतल्या डेटाची नक्कल; तिच्यात प्रत्येक सेक्टरचे (सीडीवरच्या ठरावीक तुकड्याचे) निव्वळ २०४८ बाइट असतात. तुमच्या .बिनमध्ये सेक्टर जसाच्या तसा उचललाय: १२ बाइट सिंक (सेक्टर सुरू झाल्याची खूण), ४ हेडर (सेक्टरचा पत्ता नि प्रकार), मग २०४८ डेटा आणि मागे २८८ बाइट चूक पकडायला नि दुरुस्तीला, मिळून २३५२. कर्नल (लिनक्सचा गाभा) शून्यापासून मोजत सोळाव्या सेक्टरची खूण, 'सीडी००१' ही अक्षरं, ३२७६९ व्या बाइटवर शोधतो. तुमच्याकडे ती ३७६४९ वर असणार. पाटी बदलली म्हणून घर सरकत नाही. एक्सएक्सडीने (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या आज्ञेने) बघा हवं तर, मला स्वतःला ती अक्षरं दिसली की फार बरं वाटतं.

आता .क्यू टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिल्या ट्रॅकपुढे 'मोड१/२३५२' (म्हणजे डेटा) आणि पुढच्यांपुढे 'ऑडिओ' असेल, तर हत्ती बहुतेक त्या ऑडिओत आहे. तो माउंट करून कधीच दिसला नसता. .बिनचं नाव पूर्ववत करा आणि ट्रॅक वेगळे करणारा बीचंक चालवा:

बीचंक -डब्ल्यू कोश.बिन कोश.क्यू कोश

डेटाची .आयएसओ होईल, आवाजांच्या .वेव्ह.

आळशी_पेंग्विन:
एवढं कशाला? सीडीईम्यू टाका, खोटा ड्राइव्ह तयार होतो, .क्यू थेट घाला.

जुनंखोड:
प्रोग्राम 'सीडी घाला' म्हणून अडून बसला तर सीडीईम्यूच बरा. पण त्याला व्हीएचबीए मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) लागतं, आणि कर्नल अपडेट झाला की ते रुसतं. शिवाय .क्यूच्या आत नाव कॅपिटलमध्ये आणि फाइल स्मॉलमध्ये असेल तरी ती सापडत नाही. विंडोजवर हे कधी कळतच नाही.

खटपट्या:
.आयएसओ उघडली. पण .वेव्ह लावल्या तर नुसती खरखर!

जुनंखोड:
बाइट उलटे पडलेत. -डब्ल्यूच्या जोडीला -एस द्या.

खटपट्या:
हत्ती ट्रॅक सहात निघाला. बाबांना फोनवर ऐकवला, ते म्हणाले हा गेंडा आहे.