प्रवासासाठी हलका लॅपटॉप सुचवावा

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनदा पुण्याला किंवा नाशिकला जातो. सध्याचा लॅपटॉप चार्जरसह जवळजवळ तीन किलोंचा असल्यामुळे, गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून उभे राहताना खांदे भरून येतात. काम मुख्यतः मोठ्या एक्सेल फाइली आणि व्हिडिओ बैठकांचे आहे.

१.२४ किलो वजनाचा, पंखा नसलेला १३ इंची मॅकबुक एअर मनात भरला आहे. परंतु आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डलाच जोडलेली असते व नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी आधीच घ्यावी, असे वाटते. सव्वा किलोच्या आतला, यूएसबी-सी चार्जरवर चालणारा विंडोज लॅपटॉप कोणी प्रत्यक्ष वापरत असल्यास बॅटरी खरोखर किती तास पुरते, हे कृपया कळवावे.